जेवायला जाताना ठेवलेली पेन्सिल

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सत्तावीस हजार आठशे चाळीसचं एक बिल काउंटरवर अडकलं आणि एक पस्तीसला ते गिऱ्हाईक रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेलं. चार मजली इमारतीचे नळ, पाइप आणि जोड असा माल होता. कंत्राटदार पंचवीस मिनिटं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता. शेवटी काउंटरवरच्या बाईंना म्हणाला, "ताई, तुमच्या यंत्राची समजूत काढा सावकाश. मी समोर आहे."

हा आकडा आणि ही वेळ हेडक्लार्कनी त्याच दिवशी चुकांच्या वहीत लिहून ठेवली, म्हणून इतकी नेमकी सांगता येते.

या हेडक्लार्कना पाठीमागे सगळे काटकोन म्हणत. तोंडावर अर्थात काका. त्यांच्या टेबलावरची पट्टी, खोडरबर, टाचण्यांची डबी, पाण्याचा ग्लास, सगळं एकमेकांशी काटकोनात असे. ग्लास कोणी हलवला तर ते काही बोलत नसत. फक्त पुन्हा जागेवर ठेवत, आणि ते ठेवणं बोलण्यापेक्षा जास्त लागत असे. कॉमर्सची पदवी घेऊन ते या घाऊक दुकानात चिकटले तेव्हा आताच्या मालकांचे वडील गादीवर होते. त्याला चौतीस वर्षं झाली. निवृत्तीला किती राहिले असं कोणी विचारलं, तर दुसरा कोणी चौदा महिने म्हणाला असता. काटकोन म्हणत, "चौदा महिने एकोणीस दिवस."

चुकांची वही हे त्यांचंच अपत्य. दुकानातल्या प्रत्येकाला तिच्यात एक पान. चूक झाली की तारीख, वेळ, तपशील आणि दहाचा दंड. दंड पत्र्याच्या डब्यात जाई आणि महिनाअखेर त्यातून सगळ्यांना चहा मिळे. थोरल्या मालकांचंसुद्धा पान होतं. त्यावर दोन चुका होत्या आणि दोन्हींचा दंड त्यांनी भरला होता. काटकोनांच्या पानावर चूक नव्हती. दर महिन्याच्या शेवटी ते स्वतःच्या पानावर तारीख टाकून "निरंक" असं लिहीत आणि खाली सही करत. पान भरलं की दुसरं पान. चौतीस वर्षांची निरंकं एकाखाली एक उभी होती, तीही सरळ रेषेत.

काउंटरवरच्या ताईंचं पान मात्र पाच महिन्यांत भरत आलं होतं. त्या सप्टेंबरात लागल्या. सहा महिने पाहू, मग कायम करू, असं ठरलं होतं. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, दोन मुली शाळेत. घर या पगारावर उभं होतं. ताईंचे हात चपळ, बोलणं गोड, हिशेब पक्का. पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी त्यांचं बिल अडकायचंच. पडद्यावर पाटी यायची: "ही नोंद दुसऱ्याच्या हातात आहे. वापरणारा: मालक." मग कितीही बटणं दाबा, बिल पुढे सरकत नसे. दर वेळी वहीत एक ओळ, डब्यात दहा.

आता ही नोंद कुठली ते सांगायला हवं. दुकानातला सगळा माल, गिऱ्हाइकं आणि बिलं वर्षभरापासून एकाच सामाईक फाइलमध्ये होती. फाइल कोपऱ्यातल्या मोठ्या संगणकावर, आणि ती उघडायची चार ठिकाणांहून: काउंटर, गोदाम, काटकोनांचं टेबल आणि मालकांची केबिन. चौघांनी एकाच वेळी वापरावी, हीच तिची थोरवी, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याने चारही संगणक एका झटक्यात तयार करून आणले होते, इतक्या झटक्यात की चारींनाही नाव एकच दिलं होतं: मालक. पण हे दुकानात कोणाला ठाऊक नव्हतं.

त्यामुळे पाटीवर "मालक" दिसलं की ताईंची बोलती बंद व्हायची. मालक आत बसून फाइल तपासताहेत. त्यांना जाऊन सांगायचं कोणी, की साहेब, जरा बाजूला व्हा? केबिनला अर्धपारदर्शक काच होती. तिच्यातून दुपारी खुर्चीची उंच पाठ तेवढी दिसे. पाठ हलत नसे, म्हणजे तपासणी अगदी बारीक चालली असणार!

गोदामवाल्याने तर धसकाच घेतला होता. "ताई," तो दबक्या आवाजात सांगायचा, "रोज दुपारी बघतात हो. मी आपले नळ दोनदा मोजतो हल्ली. उगीच नोकरीवर पाणी नको."

"नळ मोजून मोजून पाणीच आठवणार तुम्हाला," ताई म्हणायच्या.

यंत्र दुरुस्त करणाऱ्यालाही दोनदा बोलावून झालं. त्याचं नाव रीस्टार्ट, कारण त्याच्याकडे औषध एकच होतं. तो चारच्या सुमाराला यायचा, केबिन सोडून बाकीचे संगणक बंद करून चालू करायचा, एक बिल काढून दाखवायचा, ते सुरळीत निघायचं, आणि साडेतीनशे घेऊन जायचा.

तीन फेब्रुवारीच्या त्या मोठ्या बिलानंतर मालकांनी काटकोनांना आत बोलावलं.

"काका, आता पुरे झालं. अठ्ठावीसला त्या बाईंना कामावरून कमी केल्याचं पत्र द्या. तयार करून ठेवा."

"कारण काय लिहू, साहेब?"

"बिलं अडकतात. फक्त त्यांचीच अडकतात."

"हे लक्षण झालं. कारण नव्हे."

मालकांनी हात जोडले. "मग तुम्हीच शोधा. तुमच्याइतकं बारीक कोण बघणार? अठ्ठावीसपर्यंत शोधा आणि लिहा."

काटकोनांनी पत्र तयार केलं. सगळं टाइप करून "कारण:" या शब्दापुढे एक ओळ मोकळी सोडली. मोकळी ओळ त्यांना दाताखाली खडा आल्यासारखी खुपायची, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी शोधाला लागले. ताईंना कळलंच. पत्र टाइप होताना यंत्र कितीही हळू वाजलं, तरी दुकानाला ऐकू येतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मी खरंच काही करत नाही हो. बिल काढते, ते अडकतं. माझ्या हाताला काही लागलंय का ते तरी सांगा."

"पाहतो, ताई. नोंदीत असेल तर सापडेल."

शोध संपेपर्यंत ताईंच्या पानावर नवी चूक लिहायची नाही असं ठरवून त्यांनी वहीतल्या ओळी उतरवून एक तक्ता आखला. तारीख, वेळ, रक्कम, कोण कुठे बसलं होतं. त्रेचाळीस चुका. आखणी पुरी झाली आणि तक्ता स्वतःच बोलायला लागला: त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वेळा बिल एक ते पावणेदोनच्या मध्ये अडकलं होतं. त्या वेळात नळ बसवणारे कारागीर कामावरून जेवायला सुटतात आणि वाटेत माल घेतात, म्हणून ताई स्वतःचा डबा बाराला उरकून काउंटरवर असत; त्यांच्या आधी काउंटर त्या वेळात बंदच असे. म्हणून त्यांचीच बिलं. इतकं सोपं होतं ते.

मग त्या वेळात फाइल कोणाच्या हातात असेल? काटकोनांनी चौघांची नावं लिहिली आणि नियमाप्रमाणे एकेक खोडायला घेतलं. पहिलं नाव त्यांनी स्वतःचं खोडलं. समोर शेरा लिहिला: "एक ते पावणेदोन जेवायला घरी. कार्यालयात हजर नाही." घर दहा मिनिटांवर होतं आणि चौतीस वर्षांत ते एकला उठले नाहीत असा दिवस नव्हता. शेरा खरा होता. त्याखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली.

हे उठणं कसं होतं, तेही पाहू. पूर्वी मालाची एकच जाड वही होती. तिच्यात काही लिहिता लिहिता जेवायला जायची वेळ झाली, तर काटकोन पेन्सिल पानावर आडवी ठेवून वही अर्धी मिटत. पेन्सिल वहीत आहे म्हणजे काम अर्धं आहे, कोणी हात लावू नये. हा अलिखित कायदा होता आणि थोरले मालकसुद्धा तो पाळत. एकदा बाहेर पाच गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी वहीतली पेन्सिल पाहिली आणि पाचांनाही सरबत देऊन बसवून ठेवलं होतं. संगणक आले तेव्हा काटकोन मनातून धास्तावले होते. पण पहिल्याच दिवशी त्यांना दिसलं, की फाइलमधल्या एखाद्या ओळीत काही लिहायला लागलं, की त्या ओळीच्या डाव्या कडेला एक इवलीशी पेन्सिल उगवते. ओळ सोडली की पेन्सिल जाते. काटकोनांना भरून आलं. हे यंत्र करणारे लोक कोणा जाणत्या माणसाला विचारून आले होते तर! तेव्हापासून ते रोज एकला दोन मिनिटं असताना चालू ओळीत एक आकडा टाइप करत, पेन्सिल उगवलेली पाहून घेत, आणि मग चप्पल घालत. परत आल्यावर आकडा पुसत.

त्यांनी मग दुसरं नाव घेतलं, गोदामवाल्याचं. तो एक ते दोन पाइपांच्या ढिगामागे पथारी पसरून जेवायचा. त्याच्या संगणकावर डब्याचं झाकण ठेवलेलं असे. ते खोडलं. राहिले मालक. शिवाय पाटीवर तेच नाव. काटकोनांनी पेन खाली ठेवलं, ते टेबलाशी काटकोनात ठेवलं, आणि दोन दिवस विचार केला. मग ते केबिनमध्ये गेले.

"साहेब, एक विचारायचं होतं. दुपारी एक ते पावणेदोन आपण फाइल पाहता का?"

मालक दचकले. "मी? एक ते...? हो. हो, म्हणजे नजर टाकत असतो. धंदा म्हटल्यावर टाकावी लागते. का?"

"त्याच वेळी नोंदी अडकतात."

"असं? मग नाही टाकत नजर. उद्यापासून बंद."

"आपले आभार," काटकोन म्हणाले आणि निवांत मनाने जागेवर आले. दुसऱ्या दिवशी एकला दोन मिनिटं असताना त्यांनी पेन्सिल ठेवली आणि ते जेवायला गेले. एक वाजून सात मिनिटांनी बिल अडकलं. वापरणारा: मालक.

ताईंनी नुसतं काटकोनांकडे पाहिलं. काटकोनांनी शिसपेन्सिलीने तक्त्यात लिहिलं, "शब्द दिला होता." मग खोडरबर घेऊन ते पुसलं. मालकांना खोटं पाडणारी ओळ ठेवायची कुठे? पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. धनी माणूस तोंडावर खोटं बोलतो, आणि त्यापायी दोन मुलींच्या आईची नोकरी जाते! हे पत्रात कोणत्या शब्दांत लिहायचं?

तेवीस तारखेला रविवार होता. सकाळी पेपर अर्धा वाचून झाला तसे काटकोन आंघोळीला उठले. उठताना त्यांनी चष्मा पेपरावर ठेवला. बाहेर आले तेव्हा पत्नी पाठीमागे हात बांधून पेपरासमोर उभी होती, पोलिसासारखी.

"अहो, झाली आंघोळ? की आणखी एखादा तास?"

"का गं?"

"का म्हणजे? आज चौतीस वर्षं विचारीन म्हणते. तुम्ही न्हाणीत, चष्मा पेपरावर, आणि मी भिंत वाचत बसलेय. चष्मा ठेवला म्हणजे पेपर तुमच्या नावावर झाला का?"

"अगं, मग उचलायचा आणि वाचायचा."

"उचलायचा! एकदा उचलला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तुम्ही काही बोलला नाहीत. नुसता परत जागेवर ठेवलात. त्यानंतर माझी छाती नाही झाली. आणि वर तुम्ही इथे नसताच ना! माणूस गायब आणि पेपर अडकलेला. जाब विचारायचा तर कोणाला विचारायचा, चष्म्याला?"

काटकोन टॉवेल खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"शेवटचं."

"चष्म्याला विचारायचं का?"

"त्याच्या आधीचं."

"माणूस गायब आणि पेपर अडकलेला." पत्नीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "बरं वाटत नाहीये का? बसा. पेपर वाचा हवा तर."

पण त्या दिवशी पेपर पत्नीने वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मोठ्याने.

सोमवारी एकला दोन मिनिटं असताना काटकोनांनी आकडा टाइप केला. पेन्सिल उगवली. ते उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि मागे वळून काउंटरच्या आड येऊन उभे राहिले. एक कारागीर सहा नळ घ्यायला आला. ताईंनी बिल काढलं. पाटी आली.

"आले साहेब," ताईंनी सुस्कारा सोडला.

काटकोन आपल्या टेबलाशी गेले आणि त्यांनी आकडा पुसून ओळ सोडली. पेन्सिल गेली.

"निघालं, काका! बिल निघालं!"

त्यांनी पुन्हा आकडा टाकला. पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल अडकलं. पुसला, सुटलं. टाकला, अडकलं. ताई कधी पडद्याकडे, कधी त्यांच्याकडे पाहत होत्या.

"काका, हे काय चाललंय?"

"मोजतोय," काटकोन म्हणाले.

मोजण्यासारखं आता फार उरलं नव्हतं. यापुढे पेन्सिल ठेवली नाही, तर बिलं अडकणार नाहीत आणि का अडकत होती ते जन्मात कोणाला कळणार नाही. चौदा महिने निघून जातील. निरंक, निरंक, निरंक. त्यांनी पत्र काढलं आणि "कारण:" पुढे आपल्या सुबक अक्षरात लिहिलं, "यांत्रिक दोष." खोटं म्हणाल तर खोटंही नव्हतं. ते घेऊन ते केबिनकडे गेले, दारावर टकटक केली आणि, नेहमी थांबायचे तसे न थांबता, आत शिरले.

मालक खुर्ची भिंतीकडे वळवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. टेबलावरच्या संगणकावर फुलाफुलांचं कापड होतं. माउस ज्या पिशवीतून आला तिच्यातच अजून होता आणि पिशवीचं तोंड रबराने बांधलेलं होतं.

काटकोन खाकरले.

"बघतोय!" मालक ताडकन म्हणाले. "फाइलच बघतोय." मग त्यांना पूर्ण जाग आली आणि त्यांनी अंगातला सदरा सारखा केला. "बोला, काका."

"कारण सापडलं, साहेब. यंत्राचा दोष होता. आता बिलं अडकणार नाहीत."

"उत्तम! आणि त्या बाईंचं पत्र?"

"दोष यंत्राचा असल्यावर पत्राची गरज नाही."

"असं कसं? दुसरी मुलगी सांगून ठेवलीय मी. यंत्र सगळ्यांचंच आहे, काका, पण त्रेचाळीस चुका त्यांच्या एकटीच्या पानावर आहेत. मी नाही लिहिल्या. तुमच्या अक्षरात आहेत. आणि तुम्ही लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ."

काटकोनांनी टेबलावरचं पेन उचललं, "यांत्रिक दोष" वर रेघ मारली आणि म्हणाले, "त्या त्रेचाळीस माझ्या."

"काय?"

त्यांनी सगळं सांगितलं. वही, पेन्सिल, आकडा, चप्पल. मालक ऐकता ऐकता खुर्चीत सरळ झाले.

"पण पाटीवर तर 'मालक' येतं. मी स्वतः..." ते थांबले.

"चारही यंत्रांना तेच नाव दिलेलं असणार. आपलं यंत्र तर कधी चालूच झालेलं नाही, साहेब. माउस पिशवीत आहे."



"मग मी दुपारी काय करतो म्हणायचं?" मालकांनी अगदी हळू विचारलं.

"ते मी कुठे लिहिलेलं नाही."

मालकांनी पत्र मागून घेतलं आणि ते फाडणार, इतक्यात काटकोनांनी हात पुढे केला. "फाडू नका. मागची बाजू कोरी आहे."

त्या दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर वही उघडली. ताईंच्या पानावरच्या त्रेचाळीस ओळी एकेक करून लाल शाईने रद्द केल्या आणि स्वतःच्या पानावर, शेवटच्या निरंकाखाली, तारीख-वेळेसह उतरवायला घेतल्या. पाचव्या ओळीला गोदामवाला म्हणाला, "काका, 'वरीलप्रमाणे' लिहा की. हात मोडेल."

"नाही."

"बरं, मला एकच सांगा. दुपारी मालक बघत नव्हतेच ना कधी?"

काटकोनांनी मान वर न करता सांगितलं, "नळ मोजत जा."

तो मोजेनासा झाला, हे सांगायला नकोच.

रीस्टार्टला तिसऱ्यांदा बोलावलं, या वेळी एकला. आजवर एक ओळ धरली की तिच्या आसपासच्या पानभर ओळी अडकत आणि त्यांतला माल बिलात आला तरच पाटी येई; त्याने फाइल अशी लावून दिली, की एकाच्या हातात एकच ओळ अडकेल, शेजारच्या मोकळ्या राहतील. चारही यंत्रांना वेगळी नावंही द्यायची होती. तीन त्याला ठाऊक होती; चौथं त्याने ताईंना विचारलं, आणि ताईंनी ते त्याच्या कानात सांगितलं. आठवड्याने एकदा मालकांनी हौसेने पहिल्यांदाच फाइल उघडली, एका नोंदीला हात लावला आणि मोठ्याने वाचलं, "ही नोंद दुसऱ्याच्या हातात आहे. वापरणारा: काटकोन." आणि विचारलं, "हा कोण?"

काटकोनांनी समोरच्या ग्लासाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, टाचण्यांच्या डबीकडे पाहिलं. मग त्यांनी ग्लास बोटाने थोडा तिरका केला आणि म्हणाले, "मीच असणार, साहेब. सोडतो ओळ."

ताई एक मार्चपासून कायम झाल्या. घरी पेपराची आता दोन भागांत वाटणी होते आणि चष्मा खिडकीत असतो.

राहिला दंड. ताईंनी त्रेचाळीस वेळा दहा, म्हणजे चारशे तीस, डब्यात भरले होते आणि सगळ्यांनी त्याचा चहा पिऊन टाकला होता. ते परत करणं काटकोनांकडे आलं. त्यांच्या खिशात शंभराच्या चार नोटा होत्या. त्या त्यांनी दिल्या. उरलेले दुसऱ्या दिवशी सुटे करून आणले, तर ताई घेईनात.

"राहू द्या, काका. मी मागीन तेव्हा द्या. तुमच्या पानावर काहीतरी बाकी असलेली बरी दिसते."

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. शेवटी पानाच्या तळाशी, निरंक लिहायच्या जागी, ताईंना देणे म्हणून लिहून ठेवलं.

तीस बाकी आहेत.